मोठेबाबांच्या पोटातली एएमसी

गेल्या शनिवारी सकाळी निवांत चहा पीत बसलो होतो आणि फोन किणकिणला. ऑफिसचा असेल म्हणून शिव्या घालतच बघितला, तर कॅलेंडरचा रिमाइंडर. "मोठेबाबा, पोटाची सोनोग्राफी, गोंदिया." पुनरावृत्ती: दर वर्षी. शेवटची तारीख: कधीच नाही.

ही "कधीच नाही" मी २०२२ साली टाकली. खरं तर ती २०१८ सालीच टाकायला हवी होती. आजचा लेख त्या मधल्या साडेतीन वर्षांबद्दल आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमचं गाव दवनीवाडा, तालुका जिल्हा गोंदिया. चहूकडे धानाच्या बांध्या. मोठेबाबा म्हणजे वडलांचे मोठे भाऊ. आयुष्यभर शेती केली आणि चाळीसेक वर्षं बिडी ओढली. आमचा मुलूखच तेंदूपत्त्याचा आणि बिडीचा, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. २०१८ च्या पावसाळ्यानंतर त्यांना मुतखड्याचा त्रास झाला म्हणून गोंदियात सोनोग्राफी केली. खडा छोटासाच निघाला. पण रिपोर्टमध्ये खाली एक ओळ होती, पोटातली महाधमनी फुगली आहे, ५८ मिलिमीटर. वय तेव्हा ६६.

चुलतभावाने रिपोर्टचा फोटो मला पाठवला. "तू कंप्यूटरवाला आहेस, बघ जरा काय आहे ते." (घरात एक सॉफ्टवेअरवाला असला की प्रिंटरपासून महाधमनीपर्यंत सगळं त्याच्याकडे येतं, हा अनुभव तुम्हालाही असेल.)

तर हृदयातून निघणारी मुख्य नळी म्हणजे महाधमनी. पोटात तिचा व्यास साधारण २ सेंटिमीटर असतो. तो ३ च्या वर गेला की त्याला एन्युरिझम म्हणतात. सायकलच्या जुन्या ट्यूबला एका जागी फुगा येतो ना, तसंच. दुखत नाही, खुपत नाही. धूम्रपान, वाढतं वय आणि पुरुष असणं ही त्याची मोठी कारणं. फुगा लहान असेपर्यंत फक्त लक्ष ठेवतात, कारण ऑपरेशनचा धोका फुटण्याच्या धोक्यापेक्षा मोठा असतो. पुरुषांमध्ये ५.५ सेंटिमीटर ओलांडले की हे गणित उलटं होतं. आणि फुटला तर बहुतेक माणसं वाचत नाहीत, बरीचशी दवाखान्यापर्यंतही पोचत नाहीत. इंग्लंडमध्ये पुरुषांना पासष्टीच्या सुमारास यासाठी एकदा सोनोग्राफीला बोलावतात. आपल्याकडे असा राष्ट्रीय कार्यक्रम नाही. आपल्याकडे मुतखडा व्हावा लागतो.

यावर इलाज दोन. पहिला जुना. पोट उघडायचं, धमनीला वर-खाली चिमटे लावायचे आणि फुगलेल्या भागाच्या जागी कापडाची नळी शिवून टाकायची. हो, कापडाचीच. १९५० च्या दशकात ह्यूस्टनचे मायकेल डिबेकी दुकानात नायलॉन घ्यायला गेले होते. ते संपलं होतं म्हणून त्यांनी डेक्रॉन नावाचं नवं पॉलिएस्टर कापड आणलं आणि घरच्या शिलाई मशीनवर त्याच्या नळ्या शिवल्या. तेच कापड पुढे जगभर वापरलं गेलं.

दुसरा इलाज म्हणजे स्टेंट-ग्राफ्ट. सोव्हिएत काळात खारकीव्हमध्ये निकोलाय व्होलोदोस यांनी १९८७ साली छातीतल्या महाधमनीत अशी नळी आतून बसवली. पोटातल्या फुगवट्यासाठी सप्टेंबर १९९० मध्ये ब्यूनॉस आयर्सला हुआन पारोदी यांनी ते केलं. जांघेतल्या धमनीतून एक बारीक नळी वर सरकवायची. तिच्या आत घडी घातलेली कापडी नळी आणि तिला धातूच्या स्प्रिंगचा सांगाडा. फुगवट्यापाशी पोचल्यावर आवरण मागे ओढायचं की सांगाडा छत्रीसारखा उघडतो आणि वरच्या निरोगी भागात घट्ट बसतो. खाली दोन पायांकडे जाणाऱ्या दोन फांद्या, म्हणजे एकूण आकार उलट्या पँटसारखा... नाही, सुलट्याच पँटसारखा! एक पाय मुख्य भागाला जोडलेला असतो, दुसरा वेगळा आणून आतल्या आत जोडतात. रक्त नव्या नळीतून वाहतं आणि फुग्यावरचा दाब जातो.

आजच्या बहुतेक उपकरणांचा सांगाडा निटिनॉलचा असतो. हा निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू आपला आकार लक्षात ठेवतो. नळीचा व्यास धमनीपेक्षा मुद्दाम १० ते २० टक्के जास्त घेतात, म्हणजे ती बाहेरच्या बाजूला दाब देत राहते. शिवाय वरच्या टोकाला बारीक आकडे असतात. एक इंजिनिअर म्हणून सांगतो, हे सगळं पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी अक्षरशः खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. काय डोकं लावलंय लोकांनी!

मोठेबाबांना मात्र कौतुक वगैरे काही नव्हतं. त्यांचा एकच प्रश्न होता, "दुखत नाही, खुपत नाही, मंग काहून कापाचं?"

बिडीने फुफ्फुसं अर्धी केली होती, त्यामुळे पोट उघडायला भूलतज्ज्ञ तयार नव्हते. स्टेंट-ग्राफ्ट ठरलं. एका मोठ्या शहरातलं मोठं हॉस्पिटल गाठलं. तिथल्या समुपदेशक बाईंनी छान समजावलं, मोठा छेद नाही, चौथ्या दिवशी घरी. खर्च काही लाख. त्यातला मोठा हिस्सा नुसत्या उपकरणाचा. मी आणि चुलतभावाने वाटून घेतला. डिसेंबर २०१८ मध्ये ऑपरेशन झालं आणि खरोखर चौथ्या दिवशी मोठेबाबा घरी जायला निघाले. महिन्याभराने सीटी केला, तो स्वच्छ आला. मी मनातल्या मनात तिकीट क्लोज केलं.

इथेच चूक झाली.

जुन्या ऑपरेशनमध्ये नळी धमनीला टाक्यांनी शिवलेली असते. त्यातही पुढे हर्निया वगैरे कटकटी होऊ शकतात, पण नळी सहसा जागची हलत नाही. स्टेंट-ग्राफ्ट टाके घालून शिवलेलं नसतं. ते दाबाने आणि आकड्यांनी धरून असतं, आणि हृदय त्यावर दिवसाला एक लाखाच्या आसपास ठोके मारतं. शिवाय धमनी जिवंत आहे, ती वयानुसार आणखी रुंद होते. वरचं किंवा खालचं टोक निसटलं तर रक्त पुन्हा फुग्यात जातं. दोन भागांचा जोड सुटला किंवा कापड विरलं तरी तेच. कधी बारीक शाखांमधून रक्त उलटं येऊन फुग्यात साचतं. या सगळ्या गळतीला एंडोलीक म्हणतात आणि तिचे प्रकार नंबर देऊन ठरवलेले आहेत. पहिला आणि तिसरा प्रकार धोक्याचे, कारण त्यात फुग्यावर थेट दाब येतो. आणि यातलं काहीही पेशंटला जाणवत नाही. जाणवतं तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

म्हणून नियम असा आहे की पहिल्या महिन्यात तपासणी, वर्षाने तपासणी, आणि पुढे दर वर्षी, आयुष्यभर. हे कुठल्याही व्हॅस्क्युलर सर्जनला ठाऊक असतं. आम्हालाही डिस्चार्ज कार्डावर लिहून दिलं होतं. "रेग्युलर फॉलोअप." दोन शब्द. पॅरासिटामॉलच्या ओळीखाली.

हे किती महत्त्वाचं आहे त्याचा पुरावा ब्रिटनमधल्या ईव्हार-१ या चाचणीत आहे. १९९९ ते २००४ या काळात १२५२ पेशंट घेतले, निम्म्यांना जुनं ऑपरेशन, निम्म्यांना स्टेंट-ग्राफ्ट. पहिल्या ३० दिवसांत स्टेंट-ग्राफ्टवाल्यांत शंभरात दोनहून कमी मृत्यू, जुन्या ऑपरेशनमध्ये साडेचारच्या आसपास. म्हणजे स्पष्ट विजय. पण २०१६ मध्ये पंधरा वर्षांपर्यंतचा हिशेब छापून आला. सुरुवातीची आघाडी काही वर्षांत पुसली गेली होती आणि आठ वर्षांनंतर चित्र चक्क उलटं झालं होतं. स्टेंट-ग्राफ्टवाल्यांत फुगवटा फुटून होणारे मृत्यू जास्त. अभ्यासकांचा निष्कर्ष असा होता की आयुष्यभर देखरेख आणि गरज पडेल तेव्हा दुरुस्ती हवी.

मात्र एक खुलासा. त्या चाचणीतली उपकरणं आता जुनी झाली, नवी बरीच सुधारली आहेत, असं अनेक सर्जन म्हणतात. मुद्दा रास्त आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने मार्च २०२० मध्ये, शक्य असेल तिथे आधी जुनं ऑपरेशन असा कल दाखवला, तर युरोपातल्या सर्जनांच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेने बहुतेकांसाठी स्टेंट-ग्राफ्टला पसंती दिली. म्हणजे मोठमोठे तज्ज्ञही यात भांडताहेत. पण देखरेख हवी यावर कोणाचंच भांडण नाही, आणि मी फक्त तेवढ्याबद्दल बोलतोय.

आता आमचं काय झालं ते सांगतो. पहिल्या वर्षाची तपासणी जानेवारी २०२० मध्ये होती. घरात लग्न होतं. "लगन झाल्यावर जाऊ ना बाबू." फेब्रुवारीत लग्न झालं, मार्चमध्ये लॉकडाउन लागला. मग वर्षभर दवाखान्याचं नावच नको. २०२१ च्या उन्हाळ्यात दुसरी लाट. या सगळ्या काळात हॉस्पिटलकडून एक फोन नाही, एक मेसेज नाही. माझ्या घरच्या वॉटर प्युरिफायरच्या एएमसीवाला मात्र न चुकता फोन करत होता. लॉकडाउनमध्येसुद्धा! फिल्टर बदलायचाय सर, कधी येऊ?

नोव्हेंबर २०२१ मध्ये दुसऱ्याच कारणाने गोंदियात सोनोग्राफी झाली. ५८ चा फुगवटा ६६ झाला होता. म्हणजे आत कुठेतरी गळती होती. नागपूरला सीटी केला. उजव्या फांदीचं खालचं टोक वर सरकलं होतं आणि रक्त थेट फुग्यात जात होतं. पहिला प्रकार.

दुरुस्ती शक्य होती, जांघेतूनच आणखी एक तुकडा जोडायचा. पण नव्या डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, आत कुठल्या कंपनीचं, कुठल्या मापाचं उपकरण आहे? डिस्चार्ज कार्डावर फक्त "स्टेंट-ग्राफ्ट बसवले" एवढंच. उपकरणाच्या खोक्यावर मॉडेल, माप आणि लॉट नंबरचे स्टिकर असतात. आमचे स्टिकर जुन्या हॉस्पिटलच्या फाइलमध्ये चिकटवलेले, फाइल रेकॉर्ड रूममध्ये, आणि ज्यांनी ऑपरेशन केलं ते डॉक्टर दुसरीकडे गेलेले. ते कागद हातात यायला अकरा दिवस लागले. अकरा दिवस मोठेबाबा दवनीवाड्याला खाटेवर बसून होते आणि मोठीआई त्यांना विहिरीचा दोरही ओढू देत नव्हती. मी इकडे पुण्यात बसून फोनवर फोन.

२०२२ च्या सुरुवातीला दुरुस्ती झाली, व्यवस्थित झाली. त्या रात्री मी कॅलेंडर उघडून ती "कधीच नाही" टाकली.

राग मला हॉस्पिटलचा आला, तसाच स्वतःचाही आला. मी दिवसभर सर्व्हरवर अलर्ट लावणारा माणूस. डिस्क ऐंशी टक्के भरली की रात्री दोनला मला फोन येतो. आणि काही लाख रुपये घालून घरातल्या माणसाच्या पोटात एक सिस्टिम बसवली, तिला मॉनिटरिंग शून्य.

या सुमारास मी अँक्युअर नावाच्या उपकरणाची गोष्ट वाचली. ती आपल्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने वाचायला हवी. सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने पोटातल्या फुगवट्यासाठी दोन स्टेंट-ग्राफ्ट मंजूर केले, त्यातलं एक हे. बनवणारी कंपनी एंडोव्हॅस्क्युलर टेक्नॉलॉजीज, म्हणजे गायडंटची उपकंपनी. नळी आत पोचवणारी यंत्रणा कधीकधी पेशंटच्या शरीरातच अडकायची. मग पर्याय काय? तातडीने पोट उघडणं. किंवा यंत्रणेची मूठ तोडून आतले भाग एकेक करून बाहेर काढणं. ही मूठ तोडण्याची युक्ती नीट तपासलेली नव्हती, मंजूर माहितीपत्रकात नव्हती, पण कंपनीचे विक्री प्रतिनिधी ती डॉक्टरांना सांगत होते. आपल्या भाषेत, प्रॉडक्शनमध्ये चाललेला वर्कअराउंड, डॉक्युमेंटेशन नाही, टेस्टिंग नाही.

मार्च २००१ पर्यंत ७६३२ उपकरणं विकली गेली होती. बिघाडाच्या १७२ घटना कंपनीने एफडीएला कळवल्या होत्या. न कळवलेल्या निघाल्या २६२८. त्यात १२ मृत्यू आणि ५७ तातडीची ऑपरेशनं. हे बाहेर आलं ते कंपनीतल्याच सात कर्मचाऱ्यांनी ऑक्टोबर २००० मध्ये एफडीएला पाठवलेल्या निनावी पत्रामुळे. जून २००३ मध्ये कंपनीने दहा गुन्हे कबूल केले आणि ९ कोटी २४ लाख डॉलर भरायचं मान्य केलं. अँक्युअर बाजारातून गेलं.

मला यात बिघाडापेक्षा ते आकडे जास्त खटकतात. १७२ आणि २६२८. बग सगळ्यांच्याच प्रॉडक्टमध्ये असतात. पण बग नोंदवणारी वही कोणाच्या हातात आहे, यावर सगळं अवलंबून असतं. आणि तिथे निदान वही होती, म्हणून चोरी पकडता तरी आली.

आपल्याकडे काय? उपकरणांमुळे होणाऱ्या त्रासाची नोंद घ्यायला केंद्र सरकारने जुलै २०१५ मध्ये मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम सुरू केला. चांगली गोष्ट आहे. पण तक्रार नोंदवणं वेगळं आणि पेशंट सापडणं वेगळं. जॉन्सन अँड जॉन्सनच्या एएसआर या कृत्रिम खुब्याचं प्रकरण आठवा. ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून ते परत मागवलं. भारतात सुमारे ४७०० ऑपरेशनं झाली होती. सरकारी समितीचा अहवाल २०१८ मध्ये बाहेर आला तेव्हा त्यातल्या साडेतीन हजारांहून जास्त पेशंटचा पत्ताच लागत नव्हता. सदोष धातू अंगात घेऊन माणसं देशभर फिरत होती आणि ती कोण, कुठे, कुणाला माहीत नाही. उद्या एखाद्या स्टेंट-ग्राफ्टबद्दल असा इशारा आला तर? ही कल्पना नाही. अमेरिकेत एएफएक्स या मालिकेच्या उपकरणांत तिसऱ्या प्रकारच्या गळतीचा धोका जास्त दिसला, म्हणून एफडीएने २०२२ मध्ये सांगितलं की ते बसवलेल्या प्रत्येकाची निदान वर्षातून एकदा, आयुष्यभर तपासणी करा. असा निरोप दवनीवाड्याच्या माणसापर्यंत पोचणार कसा? कार्डावर तर कंपनीचं नावसुद्धा नव्हतं.

म्हणून माझं मत सरळ आहे. स्टेंट-ग्राफ्ट विकताना देखरेख त्याच्याच किमतीत विकली पाहिजे. पाच वर्षांच्या तपासण्या पॅकेजमध्ये धरा, किंमत थोडी वाढली तरी चालेल. बसवलेल्या प्रत्येक उपकरणाचं मॉडेल आणि लॉट नंबर पेशंटच्या आभा क्रमांकाशी जोडा. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ पासून देशभर सुरू आहे, त्यात ही एक नोंद घालणं तांत्रिकदृष्ट्या काही अवघड नाही. आपल्यापैकी कुणीही दोन महिन्यांत लिहून देईल. आणि दर वेळी सीटीच हवा असंही नाही. गळती नसेल तर पुढची बरीचशी देखरेख चांगल्या डॉप्लर सोनोग्राफीवर होऊ शकते आणि ती गोंदियासारख्या ठिकाणी होते. सीटीत वापरायच्या औषधाचा किडनीवर पडणारा भारही त्यामुळे वाचतो. पेशंटला दीडशे किलोमीटर नागपूरला नेण्यापेक्षा मोठ्या हॉस्पिटलने गोंदियाच्या रेडिओलॉजिस्टला काय बघायचं ते एक पानभर लिहून दिलं तर काय बिघडेल?

तुम्ही म्हणाल, डॉक्टरांना आधीच कामं कमी आहेत का? मान्य. ओपीडीत शंभर माणसं असताना तीन वर्षांपूर्वीच्या पेशंटला फोन कोण करणार? पण हे डॉक्टरने करायचं कामच नाही. ते त्या एएमसीवाल्याचं काम आहे. पगार देऊन एक माणूस आणि एक यादी, बस.

हे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत ते काम तुमचं आणि माझं आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे आईवडील, काका-मामा गावाकडे आहेत, आणि पैसे भरायला आपण पुढे असतो. घरात कोणाला असं काही बसवायची वेळ आली तर आधी हे विचारा: जुन्या ऑपरेशनला ते फिट आहेत का, आणि नसतील तर का नाहीत? दर वर्षीची तपासणी कुठे होणार आणि कोण वाचणार? डॉक्टर बदलले तर कोणाला भेटायचं? घरी जाताना स्टिकरचा फोटो काढा, सीटीची कॉपी स्वतःकडे ठेवा. आणि रिमाइंडर लावा, शेवटची तारीख न टाकता. घरात साठीपुढचे विडी-सिगारेट ओढणारे कोणी असतील तर एकदा पोटाची सोनोग्राफी कराच, मुतखड्याची वाट बघू नका.

असो. शनिवारी दुपारी चुलतभाऊ त्यांना मोटरसायकलवर बसवून गोंदियाला घेऊन गेला. संध्याकाळी रिपोर्टचा फोटो आला. ५४ मिलिमीटर, गळती नाही. गेल्या वर्षी ५६ होता. मी फोन केला आणि म्हटलं, "मोठेबाबा, सगळं ठीक आहे, पुढच्या वर्षी परत जायचं."

"अजून किती वर्सं जाचं बा?"

"नेहमीच."

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं. पन धान निंगाल्यावर. आता कापनी हाये."

मी रिमाइंडर तीन आठवडे पुढे सरकवला. शेवटची तारीख तशीच ठेवली.